डाव्या कप्प्यातली अक्षरं

"उघडलं का?" धाकट्या मालकांनी मागून विचारलं.

"उघडलं," बाई म्हणाल्या, आणि खुर्चीसकट सरकून संगणकाचा पडदा आणि मालक यांच्या बरोबर मधे अशा बसल्या, की पाहणाऱ्याला वाटावं, बाईंना या क्षणी पाठदुखी सुरू झाली.

"सगळं दिसतंय ना नीट? काही गेलंबिलं नाही ना?"

"गेलं काही नाही. आलंय."

पडद्यावर मानवी हृदय होतं. बाईंनीच काढलेलं. निळ्या शिरा, लाल धमन्या, उघड्या दारांसारख्या झडपा. आणि डाव्या कप्प्यात, जिथे शुद्ध रक्त असतं असं शाळेत शिकवतात, तिथे गडद किरमिजी रंगात वळणदार हस्ताक्षर होतं: 'मालक चोर आहे. त्याचा बापही असणार.'

शेजारी बसलेल्या भाचीने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग तोंडावर हात दाबला, आणि तिच्या नाकातून असा काही आवाज निघाला की मालक दोन पावलं पुढे आले.

"मशीन गेलं की काय?"

"नाही नाही, धूळ," भाची म्हणाली. "फार धूळ आहे तुमच्याकडे."

"तेवढं सोड. सोमवारी सगळ्या फायली शिक्षण खात्याला जायला हव्यात. लिनक्सवर उघडणाऱ्या. बाईंना काय, बसल्या बसल्या तपासतील." एवढं सांगून मालक आपल्या काचेच्या खोलीत गेले. त्या खोलीत थोरल्या मालकांचा हार घातलेला फोटो होता आणि फोटोतही ते कुणाचं तरी काम तपासत असल्यासारखे दिसत.

दार लागल्यावर भाचीने विचारलं, "मावशी, हे काय आहे?"

"हृदय."

"ते दिसतंय गं. त्याच्या आत काय आहे?"

"त्याच्या आतलं माझं आहे," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच गार होता. फक्त हातातलं चित्र काढायचं पेन उलटं धरलेलं होतं.

हा छापखाना तक्त्यांचा. शाळेच्या भिंतींवर टांगतात ते तक्ते: पचनसंस्था, सूर्यमाला, फुलाचे भाग, वाहतुकीचे नियम, पाळीव प्राणी. केस काळे होते तेव्हापासून बाई ते काढत आल्या होत्या. आधी ब्रशने, मग संगणकावर. छापखान्यात त्यांना पाठीमागे 'माठ' म्हणत. कामगार म्हणत ते त्या कायम गार असायच्या म्हणून, आणि मालक मंडळी म्हणत ते दुसऱ्या अर्थाने. एकदा छपाईच्या यंत्राचा पट्टा तुटला, सापासारखा फणा काढत बाईंच्या टेबलावरून गेला आणि शाईची बाटली घेऊन भिंतीवर आपटला. बाईंनी तेवढ्यापुरता ब्रश वर उचलला, पट्टा गेल्यावर खाली टेकवला आणि गाढवाचा राहिलेला कान पुरा केला. उन्हाळ्यात माणसं पंखा सोडून बाईंच्या टेबलाशेजारी बसायला यायची, असं यंत्र चालवणारे मशीनमामा शपथेवर सांगत. आणि मामा खोटं फक्त रजा मागताना बोलत.

पण गारवा काही फुकट येत नाही. कुठेतरी उष्णता टाकावी लागते. फ्रीजच्या मागे हात लावून पाहा.

बाईंनी ती कुठे टाकायची हे ठरवलं, त्याला एक निमित्त झालं होतं. संगणक आला, चित्रं काढायचं ते मोठ्या कंपनीचं सॉफ्टवेअर आलं, आणि बाईंनी त्यावर पहिला तक्ता केला तो हाच, हृदयाचा. त्यासाठी खाटकाकडून बकऱ्याचं काळीज आणून टेबलावर चिरून पाहिलं होतं, आठवडाभर घरात कुणी जेवायला शेजारी बसलं नव्हतं. तक्ता छापून आला. खालच्या कोपऱ्यात 'चित्रे' असं लिहून पुढे दोन टिंबं, आणि त्यापुढे थोरल्या मालकांचं नाव.

"छान दिसतंय ना?" थोरले मालक म्हणाले होते.

"बरं," बाई म्हणाल्या होत्या.

मग त्या टेबलाशी परत आल्या. संगणकावरचं चित्र एका कागदावर नसतं. पारदर्शक कागद एकावर एक रचावेत तसे त्याचे थर असतात: एकावर रेषा, एकावर रंग, एकावर सावल्या. बाईंनी हृदयाच्या सावल्यांच्या थरातच पेनने तेवढं वाक्य लिहिलं. मान तिरकी करून पाहिलं. रंग जरा गडद केला. आणि त्यावर त्या सॉफ्टवेअरचा एक खास मुखवटा चढवला. त्याने सावली दिसायची आणि अक्षरं नाहीशी व्हायची. नुसता थर लपवला असता तर थोरल्या मालकांना बटणं दाबून पाहायची खोड होती. पुसून टाकलं असतं तर लिहिलंच कशाला? बाई पाणी प्यायल्या. अंग गार झालं.

तेव्हापासून ती रीतच पडली. तक्ता पुरा झाला की त्यात त्या वेळचा राग ठेवायचा, मुखवटा चढवायचा आणि पाणी प्यायचं. सगळा राग मालकांवरचाच असायचा असं नाही. शनीच्या कड्याखाली मोठ्या जाऊबाई होत्या, सगळ्या उपग्रहांसकट. 'रस्ता ओलांडताना' या तक्त्यात, गाडीच्या चाकाखाली, वरच्या मजल्यावरून ओलं फडकं झटकणारा शेजारी होता. दातांच्या तक्त्यात दाताचा डॉक्टर होता, त्याच्या बोटांना दाढा लागलेल्या होत्या. जगात इतकी शिस्तीत लावलेली चीड दुसरीकडे कुठे नसेल. छापून आलेल्या तक्त्यावर यातलं काहीच दिसत नसे. मुलं त्यासमोर उभी राहून छडीने मूत्रपिंड दाखवत, आणि मूत्रपिंडाच्या आत कोण आहे हे फक्त बाईंना ठाऊक असे.

हे असंच चाललं असतं. पण त्या कंपनीने सॉफ्टवेअर विकायचं बंद करून भाड्याने द्यायला सुरुवात केली. भाडं थांबलं की सॉफ्टवेअर थांबतं. "म्हणजे पेन्सिल दर महिन्याला भाड्याने आणायची," बाई तेव्हा शांतपणे म्हणाल्या होत्या, आणि त्या महिन्याच्या 'परोपजीवी प्राणी' या तक्त्यात गोचिडीच्या पोटात कंपनीला जागा दिली होती. तेवढ्यात शिक्षण खात्याने नवी आवृत्ती मागवली. त्यांची अट अशी: शाळांमधले सगळे संगणक लिनक्सवर, म्हणजे त्या मोफत प्रणालीवर, चालतात, म्हणून नुसते छापील तक्ते नकोत, चित्रांच्या फायलीही द्या, थरांसकट, शिक्षकांना हवे ते बदल करता येतील अशा. धाकट्या मालकांना दोन्ही गोष्टी एकदमच सुचल्या. भाडं बंद करा आणि छापखान्यातही लिनक्स घाला. बाईंची भाची हेच काम करते असं कळल्यावर त्यांनी तिलाच बोलावलं. घरचं माणूस म्हणजे घासाघीस करता येते.

भाची आली ती हिरिरीने. लिनक्सचं नाव काढलं की ती दोन वीत उंच होत असे.

"मावशी, ते कंपनीवाले आपलं सॉफ्टवेअर लिनक्ससाठी बनवतच नाहीत. लोक वर्षानुवर्षं मागतायत. त्यांना गरज वाटत नाही. आणि तुझी चित्रं त्यांच्याच पद्धतीच्या फायलीत. म्हणजे चित्र तुझं आणि कुलूप त्यांचं."

"आणि किल्ली?"

"किल्लीचं भाडं."

"मग तुझ्या लिनक्सवर काय आहे?"

"सगळं आहे! रंगवायला एक, रेषांना एक, पानं लावायला एक. मोफत, आणि उघडं. आत कसं चालतं तेही बघता येतं."

"मला आत नाही बघायचं. मला ब्रश कुठे आहे ते बघायचंय," बाई म्हणाल्या होत्या. आणि खरंच, पहिला दिवस ब्रश शोधण्यात गेला होता. हात सवयीने ज्या बटणावर जाई तिथे भलतंच काही घडे. पेन जोरात दाबलं तरी रेघ बारीक येई. भाचीने कुठेसं जाऊन ते ठीक केलं, आणि मग मात्र रेघ अशी आली, ओल्या ब्रशासारखी, की बाईंनी उगीचच एक गाढवाचा कान काढून पाहिला. "हं," त्या म्हणाल्या. बाईंच्या तोंडून 'हं' म्हणजे इतरांच्या तोंडून वाहवा.

त्यानंतर आज त्यांनी पहिली जुनी फाईल उघडली होती. मोफत सॉफ्टवेअरने आपलं काम प्रामाणिकपणे केलं. थर सगळे आणले. फक्त त्या मुखवट्याची विद्या कंपनीने कुणाला शिकवलेली नव्हती. न समजलेला मुखवटा त्याने बाजूला ठेवला आणि खाली जे होतं ते दाखवलं.

"सगळ्यांत आहे?" भाचीने विचारलं.

"फुलांच्या एका तक्त्यात नाही. तेव्हा ताप होता मला."

"अगं मग शोधून पुसून टाकू. मी एक छोटासा प्रोग्रॅम लिहिते—"

"अक्षरं टाईप केलेली नाहीत. हाताने लिहिलीत, सावलीत सावली मिसळून. तुझ्या प्रोग्रॅमला शीर कुठली आणि शिवी कुठली ते कळायचं नाही."

भाचीने हृदय मोठं करून पाहिलं. 'चोर'मधल्या ओकाराची मात्रा महाधमनीच्या वळणात अशी गेली होती की ती पुसली तर रक्त वाहायचं थांबावं. "बाप रे," ती म्हणाली. "हे तुलाच करावं लागणार."

म्हणून बाई बसल्या. बाहेर कागदाची रिमं उतरत होती, मामांचं यंत्र धडधडत होतं, आणि बाई एकेक तक्ता उघडून आपला एकेक राग वाचत होत्या, पुसत होत्या, खालची सावली नव्याने भरत होत्या. सोमवारच्या आत हे निस्तरलं नाही तर नोकरी जाणार होती, आणि नुसती नोकरीच नाही. जाऊबाईंचा नातू त्यातल्याच एका शाळेत शिकत होता.

पण गंमत अशी झाली, की पुसताना वाचावं लागत होतं. आणि वाचलं की ते जसंच्या तसं वर येत होतं. इतकी वर्षं फायलींनी सांभाळलेला राग ठेवीसारखा परत मिळायला लागला, तोही व्याजासकट. मूत्रपिंड पुसलं तेव्हा बाईंचे कान तापले. सूर्यमाला पुसली तेव्हा मानेवर घामाची धार आली. पाणी प्यायल्या, पण उपयोग होईना. चहावाल्याने कप ठेवला तेव्हा त्या म्हणाल्या, "हा चहा आहे की कप धुतलेलं पाणी?" चहावाला इतका चपापला की त्याने तो कप स्वतःच पिऊन पाहिला आणि म्हणाला, "धुतलेलंच आहे, बाई."

मामा यंत्र सोडून बघायला आले. "बाई, बरं वाटत नाही का?"

"मामा, तुम्ही माझ्या पंख्याची वायर तुमच्या यंत्राला लावलीय. किती वर्षं?"

"ते... तात्पुरतं होतं."

"काढा."

मामांनी वायर काढली. आपल्या लोकांना ते जाऊन म्हणाले, "माठ तापलाय रे. जपून."

मग 'पानाचे भाग' हा तक्ता आला. या वेळी भाचीच शेजारी होती, आणि बाईंना मधे बसायला उशीर झाला. देठापासून शेंड्यापर्यंत मुख्य शिरेच्या बाजूने हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: 'हिची आई गेल्यावर हिला मी वाढवलं. पंख फुटले. आता मावशी मेली की जगली, विचारत नाही.'

भाचीने एकेका अक्षरावरून बोट नेलं.

"हे मी," भाची म्हणाली.

"तेव्हाची."

"मी तेव्हा त्या दुसऱ्या शहरात... मावशी, मला खरंच—" ती थांबली. मग तिचाही आवाज चढला. "मग फोन करून झाडायचं ना मला! शिव्या घालायच्या! पानात काय लिहितेस?"

"फोनवर सावली देता येत नाही."

"फाजीलपणा नको! तू प्रत्येक वेळी 'बरी आहेस ना' विचारायचीस आणि मी 'हो' म्हणायचे. मला वाटायचं तुला काही वाटतच नाही. सगळ्यांना तसंच वाटतं. इथे तर तुला माठ म्हणतात, माहितीय?"

"माहितीय. फळांच्या तक्त्यात आहे ते. कलिंगडात."

भाचीला हसू आवरेना आणि रडूही. तिने नाक पुसलं, पेन स्वतःच्या हातात घेतलं आणि पानावरची अक्षरं खोडायला गेली. बाईंनी तिचा हात धरला. "तू नको. शीर बिघडेल." त्यांनी ती स्वतः पुसली. शिरेशिरेने, हळू. त्याला वेळ लागला. कारण बाईंना नीट दिसत नव्हतं.

आणि नेमके तेव्हा धाकटे मालक एक कागद नाचवत आले. "बाई, प्रत्येक तक्त्याच्या खाली घालायची ओळ बघा. बाबा आता नाहीत. तेव्हा म्हटलं, नवीन आवृत्ती, नवीन नाव."

कागदावर लिहिलं होतं 'चित्रे', पुढे दोन टिंबं, आणि त्यापुढे धाकट्या मालकांचं नाव.

धाकट्या मालकांना उभ्या आयुष्यात सरळ रेघ मारता आली नव्हती. लहानपणी ते छापखान्यात येत तेव्हा बाईंनीच त्यांना वर्तुळाला कान लावून मांजर करायला शिकवलं होतं, आणि तेही बटाट्यासारखं आलं होतं.

बाईंनी कागद वाचला. सगळ्या छापखान्याला ठाऊक होतं की आता त्या 'बरं' म्हणणार.

"मामा," बाई म्हणाल्या, "यंत्र बंद करा."

यंत्र बंद झालं. इतकी वर्षं त्या आवाजाच्या आडोशाने बोलणाऱ्यांना एकदम उघड्यावर आल्यासारखं वाटलं.

"काय झालं बाई?"

"काही नाही. तुम्हाला तुमची चित्रं दाखवते." बाईंनी पचनसंस्था उघडली. ती अजून पुसायची राहिली होती. आणि छडी घेऊन वर्गात उभं राहावं तसं त्या मोठ्याने वाचायला लागल्या. "जठर. 'याचं कधी भरत नाही, म्हणून दुसऱ्याचं नाव गिळतो.' यकृत. 'याला पित्त व्हावं.' लहान आतडं. 'लांबी पुष्कळ, पण मालकाच्या थापांपुढे काहीच नाही.' मोठं आतडं..." आणि त्याच्या शेवटी, अखेरचं द्वार दाखवणाऱ्या बाणापाशी, दुसरं काही नव्हतं. फक्त 'चित्रे', दोन टिंबं आणि थोरल्या मालकांचं नाव, त्यांच्या वळणदार सहीसकट.

मामा आधी खोकले. मग कागदाच्या रिमांवर बसले, आणि पोट धरून असे हलायला लागले की रिमं घसरली आणि मामांसकट जमिनीवर आली.

धाकट्या मालकांचा रंग हृदयाच्या तक्त्यातल्या दोन्ही रंगांतून गेला, आधी निळा, मग लाल. "हे... हे माझ्या वडिलांबद्दल? त्यांचं मीठ खाऊन?"

"मीठ त्यांनी माझं खाल्लं. मला नुसता पगार मिळाला."

"कामावरून काढतो! आत्ताच्या आत्ता!"

"काढा. मग बाकीच्या फायली तुम्ही पुसा. तुमचीच चित्रं आहेत. कुठल्या शिरेत काय आहे ते तुम्हालाच ठाऊक असणार."

मालक भाचीकडे वळले. "ते जुनं सॉफ्टवेअर परत घाल. भरतो मी भाडं. त्यात हे दिसत नव्हतं ना?"

"लिनक्सवर ते चालत नाही. कंपनी बनवतच नाही."

"मग लिनक्स काढ!"

"इथलं काढते. खात्यातलं कोण काढणार? फायली त्यांच्याकडे उघडायच्या आहेत, सोमवारी, सगळ्या शाळांमध्ये. आणि परत भाडं भरलंतच, तर ते चित्रांचं नसेल. मावशीचा राग झाकून ठेवायचं भाडं असेल ते. दर महिन्याला."

काचेच्या खोलीतल्या फोटोकडे मालकांची नजर गेली. फोटोकडून काही मदत आली नाही. मग त्यांनी आवाज उतरवला, अगदी मध लावल्यासारखा. "बाई, तुम्ही मला मांजर काढायला शिकवलंत. घरातल्या आहात. असं करू. तुमचं नाव घालू. खाली. बारीक अक्षरात. 'साहाय्य' म्हणून."

आणि इथे मात्र बाई उठून उभ्या राहिल्या. पंख्याच्या वाऱ्यात त्यांचा पदर फडफडत होता, आणि गारवा कुठे नावालाही उरला नव्हता.

"साहाय्य? ते काळीज मी कापलं. तीन वेळा घरात भांडण झालं त्यावरून. पोराटोरांना कळावं रक्त कुठून कुठे जातं, म्हणून एकेक झडप घासत बसले. वर नाव तुमच्या वडिलांचं आलं, मी 'बरं' म्हणाले. मला वाटलं, बरं म्हटलं की होतं बरं. त्या कंपनीने माझं काम तिच्या कुलपात ठेवलं आणि तुम्ही तुमच्या नावात. दोघांनी भाडं मात्र माझ्याकडूनच वसूल केलं! मला तुमची मेहेरबानी नको. माझं नाव घालायचं होतं तर तेव्हा घालायचं होतं, माझी आई वाचायला होती तेव्हा. आता नका घालू. पण तुमचं काढा. तुमचं आणि त्यांचं. प्रत्येक तक्त्यावरून. ज्याने काढलं नाही त्याचं नाव तिथे दिसता कामा नये. एवढं करा, मी एकेक फाईल धुऊन देते, पुन्हा सावली भरून. नाही केलंत तर जशा आहेत तशा जातील. पोरं पचनसंस्था मन लावून वाचतील. पहिल्यांदाच."

कुठल्या तरी टेबलावरचा कागद तेवढा फडफडला आणि मामांनी तो हाताने दाबून धरला.

धाकटे मालक बाईंच्या खुर्चीत बसले. सगळ्या तक्त्यांखाली येणारी ती ओळ ज्यात घातली होती, तो छपाईचा साचा त्यांनी स्वतः उघडला, स्वतःच्या नावाच्या शेवटी जाऊन उभे राहिले आणि एकेक अक्षर मागे मागे खाऊन टाकलं. "झालं समाधान?" असं म्हणून ते उठले, काचेच्या खोलीत गेले आणि दार असं लावलं की काच गाऊ लागली.

घाईत त्यांनी फक्त नाव खाल्लं. 'चित्रे' हा शब्द आणि ती दोन टिंबं तशीच राहिली. भाचीने ते दाखवलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "राहू दे. सांगितलं तेवढं त्यांनी केलं."

सोमवारपर्यंत बाईंनी उरलेल्या सगळ्या फायली धुतल्या. शेजारी, दाताचा डॉक्टर, गोचिडीतली कंपनी, सगळे गेले, आणि त्यांच्या जागी नुसती सावली उरली. पुसताना त्या मधूनच मोठ्याने बोलायच्या, एकेकाला नावाने झापायच्या, आणि मामा यंत्रापाशी उभे राहून 'बरोबर आहे', 'अगदी बरोबर' अशी साथ द्यायचे. शेवटची फाईल देऊन झाल्यावर बाईंनी पेन टेबलावर ठेवलं आणि मालकांना सांगितलं की उद्यापासून येणार नाही. या वेळी 'बरं' कुणीच म्हणालं नाही. मामा फाटकापर्यंत सोडायला आले. पंख्याची वायर त्यांनी पुन्हा जोडून घेतली की नाही, ते कुणालाच कळलं नाही.

पुढच्या वर्षी खात्याने भाचीला शाळाशाळांतून पाठवलं, शिक्षकांना त्या फायली कशा उघडायच्या ते दाखवायला. भाचीने मावशीला बरोबर घेतलं. रस्ताभर दोघी भांडायच्या, आता अगदी तोंडावर भांडायच्या, कधी एखाद्या ब्रशावरून, कधी लहानपणी मोडलेल्या एखाद्या बाहुलीवरून. गाडीतले लोक मागे वळून बघायचे. शाळेत पोचल्यावर बाई मुलांसमोर बसून मोफत सॉफ्टवेअरमध्ये एक गाढव काढून दाखवायच्या, आणि मुलं म्हणायची, आता हत्ती.

एका शाळेत भाची संगणकाच्या खोलीत तारा जोडत असताना बाई रिकाम्या वर्गात शिरल्या. फळ्याच्या बाजूला हृदयाचा तक्ता लटकत होता. कडा उन्हाने पिवळ्या पडल्या होत्या. डावा कप्पा स्वच्छ होता, सावली बसली होती अगदी जिथल्या तिथे. बाईंनी नाक लावून ती पाहिली. मग खाली, कोपऱ्यात, नजर गेली.

'चित्रे', दोन टिंबं, आणि पुढे नावं. पेन्सिलने लिहिलेली, एकाखाली एक, मग जागा संपली तशी आडवी, मग समासात उभी. कुणी ठसठशीत लिहिलेलं, कुणी उलट्या अक्षराने, कुणी खोडून परत. एकाने निळ्या शाईत लिहून खाली झोकदार रेघ मारली होती. एकाने आपल्या नावाला कान आणि मिशा लावल्या होत्या.

बाईंचे कान तापले. त्या जागी पुन्हा दुसऱ्यांचीच नावं. वर्गाच्या दारात शिक्षिका येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्या ओशाळल्या. "ऐकत नाहीत हो कार्टी. मोकळी जागा दिसली की घातलंच नाव. दर आठवड्याला भांडणं होतात, हृदय कुणी काढलं म्हणून. मी आजच खोडून घेते सगळं."

"नका," बाई म्हणाल्या. जरा जोरातच. मग त्यांनी प्रत्येक नाव वाचलं, ओठ हलवत, समासातली उभी नावं मान वाकडी करून. वाचता वाचता खालच्या कोपऱ्याची टाचणी निसटली आणि तक्ता वर गुंडाळायला लागला, तसा त्यांनी तो धरला.

"थांबा, मी टाचणी आणते," म्हणून शिक्षिका गेल्या. संगणकाच्या खोलीतून भाचीने दोनदा हाक मारली, मावशी, कुठे गेलीस, ये ना इकडे. बाई हलल्या नाहीत. टाचणी येईपर्यंत त्या तो कोपरा अंगठ्याने भिंतीवर दाबून उभ्या राहिल्या.